पंखांच्या टोपीची नाणी

“अमेरिकेची असूद्यात न्हाय तर आणि कुठली, मुशीत गेली की सगळी चांदीच, वैनी,” सोनार आईला म्हणाला आणि त्याने माझा डबा काट्यावर पालथा केला. चांदी वितळवताना टाकलेला टाकणखार जळल्याचा वास आला की मला सोनारांच्या गल्लीतलं, गुजरीतलं ते दुकान आठवतं. डब्यात बाबांनी आणलेले जुने डाइम, म्हणजे अमेरिकेतली दहा सेंटची नाणी होती, कोटाच्या बटणाएवढे, पंख लावलेली टोपी घातलेल्या बाईचा चेहरा असलेली. बाबा जहाजावर नोकरीला होते. कडेला तांब्याची रेघ दिसली तर नाणं नवं, चांदीचं नव्हे, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दर सुट्टीत ते घरी आले की मी कड तपासूनच एकेक नाणं डब्यात ठेवायचे. बाबा वारले त्याच वर्षी दादाला मुलगा झाला. आमच्यात पहिल्या नातवाचा करदोडा घरातल्या चांदीचाच करतात. “पोरीला विचारलंय न्हवं?” सोनाराने माझ्याकडे बघत विचारलं. “तिला काय विचारायचं? घरातलीच हाय की,” आई म्हणाली. सोनाराने नाणी मुशीत टाकली. त्या बाईचे पंख आधी विरघळले, मग नाक. बारशाला सगळ्यांनी करदोड्याचं कौतुक केलं. पुढे बाळ अंगाने भरलं आणि करदोडा कपाटात गेला. काल माझ्या लग्नाची खरेदी ठरवताना आईने तोच बाहेर काढला. “हा मोडून तुला पैंजण करूया. घरातलीच चांदी हाय,” ती म्हणाली. “घरातली नव्हती, आई,” मी म्हणाले, “माझी होती.”