दुर्पताकाकूंचा बगळा

दुर्पताकाकू मिरचीचं रोप लावताना आधी त्याला दम द्यायच्या. खुरप्यानं खड्डा, दोन बोटांनी रोप आत, अंगठ्यानं माती दाबली की हुकूम सुटायचा, "मेलीस तं माह्याशी गाठ हाय!" आसेगावच्या शिवारात त्यांनी लावलेलं रोप वाळल्याचं कुणी ऐकलं नाही. एक-दोन वाळायला निघाली होती म्हणतात, पण भीतीनं परत हिरवी झाली.

आमच्या मळ्यात लावणीची टोळी त्यांचीच. मी बांधावर चहा फुंकेस्तोवर त्यांची ओळ विहिरीला टेकलेली असे. पण जन्मभर ओणवं राहून कंबर अशी वाकली, की ढग आले का हे डबक्यातल्या पाण्यात बघून सांगत. कंबर कशी आहे विचारलं तर म्हणायच्या, "राह्यली कुठी? थे तं तुह्या मिरचीत पुरली."

गेल्या लावणीला त्या खाली बसल्या की उठवायला दोघी लागू लागल्या. टोळीतच काम करणारी त्यांची सून सुनीता म्हणाली, "आई, आता घरी बसा."

"बसून काय भिंती मोजू? काम सुटलं का माणूस मातीत गेलं समज."

म्हणून मी वाशीमहून रोप लावायचा पाइप आणला. दुकानात एकच होता. कमरेइतका उंच, खाली लोखंडी चोच. चोच मातीत खुपसायची, वरून रोप सोडायचं, मूठ दाबली की चोच उघडते. वाकायचं कामच नाही.

"हा बगळा कायले आणला रे बाप्पा? मिरच्या लावाच्या हायेत का मासोया धराच्या?"

पण धरला, आणि जमेल तेवढ्या ताठ झाल्या. खाली बसलेल्या बाया ओरडल्या, "काकू, भाषण ठोका आता!" दुपारपर्यंत बगळा असा पळाला, की रोपं पुरवणारी माणसं धापा टाकू लागली.

मग काकू मध्येच थांबल्या. मला वाटलं, चोच अडकली.

"काय झालं काकू?"

"वरून कोणाचं तोंड दिसत नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "नुसत्या पाठी दिसून राह्यल्या."

सर्वांत जवळची पाठ सुनीताची होती. ती उठली, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं कमरेवर हात दाबला.

"सुनीता, हे धर."

"अन् तुमी?"

"माही कंबर तं गेली. तुही अजून वाचते."

एवढं बोलून त्या बांधावर जाऊन बसल्या. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना. संध्याकाळपर्यंत ते तसेच मांडीवर पडून होते. नंतर त्या लावणीला आल्या नाहीत.

परवा वाशीमला निघालो होतो. काकूंच्या ओट्यावरून हाक आली. पूर्वी या आवाजानं पलीकडच्या शिवारातले बैल उठत; आता मला गाडी बंद करून ऐकावं लागलं.

"बगळे आणतोस तं सगळ्यायले आन. सुनीता एकटीच उभी राह्यली, तं दिवसभर पाठीच पाहा लागतीन तिले."