खिडकीतली राखण

आता हे कुठून सुरू करू, तेच सुचत नाही. आधी चहा घ्या. ऐकताना हसू आलं की कप डचमळतो आणि चादर माझीच खराब होते, असा अनुभव आहे. एवढं मात्र अगोदरच सांगते, या गोष्टीत मूर्ख कोण ते शोधत बसू नका. ती मीच.

सिंधीपुऱ्यात आमची गल्ली अशी, की समोरच्या घरी फोडणी पडली की शिंक आमच्या घरात येते. समोर राहतात सुशीलाताई साळवे. दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची सुई खाऊन मोठी झाली. त्या ख्रिस्ती, आम्ही जळगावकडचे लेवा. पण आमचा दिवाळीचा फराळ तिकडे आणि त्यांचा नाताळचा केक इकडे, ही ताटांची ये-जा पंचवीस वर्षांची.

त्यांना मुलगा एकच, विनय. पुण्याला नोकरीत. साळवेकाका गेले तेव्हा तो वेळेवर पोचला नाही. माती झाली, आणि तो दुसऱ्या दिवशी आला. सुशीलाताई दारात उभ्या होत्या. दुःखात माणूस काय बोलून जातो, त्याचं त्याला कळत नाही. त्या म्हणाल्या, "आता कशाला आलास?"

तो उंबऱ्यावरूनच फिरला. त्याला तीन वर्षं झाली. मी तेव्हा खिडकीत होते, म्हणून मला ठाऊक. (तू खिडकीत नसतेस कधी, असं आमचे हे विचारतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.)

तर यंदा नोव्हेंबर संपता संपता काय झालं, सुशीलाताईंनी घर उपसायला काढलं. डबे घासले, कोळीष्टकं काढली, विनयच्या खोलीतला पलंग गच्चीवर उन्हात टाकला. रविवारी टेबलावर हिरव्या पानांचं एक कडं आलं. त्यात चार मेणबत्त्या. चारांतली एकच पेटवली! आणि रोज संध्याकाळी दार उघडं टाकून त्या तिच्यासमोर गप्प बसायला लागल्या.

तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षांत हे तुला कधी दिसलं नाही? कसं दिसेल? एरवी खिडकीला पडदे असतात. यंदा पडदे धुवायला निघाले होते.

मी काय समजायचं? उन्हातला पलंग, उघडं दार, बाईंची नजर रस्त्याकडे. विनय येतोय, आणि आई कुणाला सांगत नाहीये! आता मला स्वतःपुरतं ठेवता आलं असतं. पण भाजीवाली आली, तिला सांगितलं. भाजीवालीला सांगितलं म्हणजे गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत तीन घरांत त्याला जेवायला बोलवायचं ठरलं, आणि आधी कुणी बोलवायचं यावरून दोघींचं बोलणंही बंद झालं.

इथवर ठीक होतं. पण चार दिवस झाले तरी पोरगा येईना. विनय आमच्या लेकीबरोबर शाळेत होता, तिच्याकडून त्याचा नंबर घेतला आणि लावला फोन. म्हटलं, मी मंदाकाकू. आई रोज दार उघडं ठेवून बसते, तुझा पलंग उन्हात टाकलाय, येण्याचं असं लांबवू नये.

मग तो म्हणाला, "काकू, आईने सांगितलं का फोन करायला?"

आता खरं काय ते मला माहीत होतं. पण त्याचा आवाज असा काही आला, की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या रविवारी समोर दुसरी मेणबत्ती पेटली. मी वाटीभर भरीत घेऊन गेले आणि हळूच विचारलं, विनय कितीच्या गाडीने येतोय?

सुशीलाताईंच्या हातातला चमचा थांबला. विनय येतोय हे त्यांना माझ्याकडूनच कळत होतं. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. हा आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार. एकेका रविवारी एकेक ज्योत. प्रभू कुठल्या घडीला दारात येईल सांगता येत नाही, म्हणून घर झाडायचं, मन झाडायचं आणि जागं राहायचं. त्या दर वर्षी हेच करतात.

माझा चेहरा बघून त्यांना काही तरी लक्षात आलं असावं. मी सगळं सांगून टाकलं. फोन केला तेही, आणि "हो" म्हटलं तेही.

"माझ्या नावाने?"

"तुमच्या नावाने."

मला वाटलं, आता भरताची वाटी माझ्यासकट बाहेर जाते. पण त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, तीन वर्षं मी तेच सांगायला फोन हातात घेते आणि ठेवून देते. सगळं घर झाडते मी या दिवसांत. एक कोपरा राहतोच."

माझ्यासमोर त्यांनी नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तो उचलेना.

मग मी म्हटलं, तो येईल, काळजी करू नका. आणि तुम्ही घरी नसताना आला तरी मी आहे. माझ्या नजरेतून सुटून या गल्लीत मांजर जात नाही.

त्या पहिल्यांदा हसल्या. "जागं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर डोळा ठेवणं नव्हे हो वहिनी. आपलं दार आधी." पण तिसऱ्या रविवारी चर्चला निघताना त्या माझ्या खिडकीखाली थांबल्या. बारापर्यंत येते म्हणाल्या. "आहात ना तुम्ही?"

मी म्हटलं, आहे. निर्धास्त जा.

आता पुढचं नीट ऐका. दुसऱ्या दिवशी दापोऱ्याला भाच्याचं लग्न होतं. रात्रभर भिजवलेली मेंदी तयार होती. मी अंदाज बांधला, सकाळची गाडी येऊन गेली, आता जो येईल तो संध्याकाळीच. खिडकीत बसूनच लावू की! केसांना मेंदी थापली, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली, डाग नको म्हणून चष्मा काढून ठेवला. आणि बसले राखणीला.

त्या आठवड्यात एक शालीवाला गल्लीत फिरत होता. खांद्यावर हे भलं मोठं बोचकं, कानटोपी, दाढी. मी खिडकीतूनच नाही म्हटलं तरी दोनदा येऊन गेलेला. तर अकराच्या सुमाराला बघते तो काय, सुशीलाताईंच्या दारात तोच. बोचकं खाली ठेवून कडी वाजवतोय. कडी वाजवून थांबतोय, परत वाजवतोय. माझं डोकं गार मेंदीखालीही तापलं.

मी खिडकीतूनच ओरडले, "पुन्हा कशाला आलास? घरात कुणी नाही. आणि त्या असत्या तरी त्यांना काही नकोय!"

तो वळला. थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग खाली वाकून काहीतरी केलं, बोचकं उचललं आणि मुकाट निघून गेला. मी मनात म्हटलं, कसा घालवला!

पाच मिनिटांनी चष्मा लावला. समोरच्या उंबऱ्यावर एक लांबट खोका होता. शालीवाला माल विसरला म्हणून मी खाली गेले, सुतळी सोडली. आत लाल कागदाची, घड्या घातलेली चांदणी. दर नाताळात विनय शिडीवर चढून दारावर टांगायचा तशी. तीन वर्षं त्या दारावर चांदणी लागली नव्हती.

त्या दोघांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य तीन वर्षांनी, त्याच दारात, मी त्याला पुन्हा ऐकवलं होतं. आणि वर माझी भर घातली होती!

स्टॅंडवर जाऊ की स्टेशनवर? काही सुचेना. शेवटी म्हटलं आधी आईला सांगावं, आणि चर्चकडे सुटले. तशीच. मॅक्सी, पिशवी, कपाळावरून ओघळ. रस्त्यात दोन ओळखीचे भेटले, त्यांनी आपणहून वाट दिली.

चर्चच्या आवारात लिंबाखाली बाकावर एक जण पाठमोरा बसला होता. पायाशी बॅग. कानटोपी मांडीवर. आतून गाण्याचा आवाज येत होता आणि तो ऐकत होता.

"विनय," मी म्हटलं, "ते मी शालीवाल्याला बोलले रे."

त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं. "काकू, लागलंय का काही?"

"मेंदी आहे. ते सोड. तुला नाही बोलले मी."

"मला वाटलं, आईनेच सांगून ठेवलंय." त्याने नजर खाली घातली. "तो फोन तरी तिने सांगितला होता ना?"

बघा आता. या एका ठिकाणी खोटं बोलले असते तर निभावलं असतं. पण मला त्या टेबलावरच्या मेणबत्त्या आठवल्या. म्हटलं, नाही, तो मीच केला. पण नंतर तिने केले, ते तू उचलले नाहीस.

त्याने कानटोपीची घडी घातली. मग म्हणाला, "उचलला असता आणि ती पुन्हा तेच म्हणाली असती तर?"

मी त्याच्या शेजारी बसून राहिले. आजवर एवढ्या राखणी केल्या, पण तोंड मिटून केलेली ही पहिली.

गाणं संपलं. माणसं बाहेर यायला लागली. डोक्यावर पदर घेतलेल्या सुशीलाताई पायऱ्यांवर आल्या आणि तिथेच थांबल्या. विनय उठला, पण पुढे काही जाईना. मग त्याच खाली आल्या. एकेक पायरी.

"आलास?" त्या म्हणाल्या. "पलंग उन्हात टाकलाय तुझा."

बस, एवढंच. त्याने आईच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि दोघं चालायला लागले. मी बाकावरच राहिले. चर्चचे पाळकसाहेब जवळ आले आणि फार मायेने विचारलं, बाई, आपण कुठून आलात, दवाखान्यात पोचवू का?

संध्याकाळी चांदणी लागली. लाल उजेड थेट आमच्या खिडकीत येतो. मेंदी पाच तास राहिल्यामुळे माझे केस शेंदरी झालेत. त्या उजेडात ते कसे दिसतात हे यांनी सांगितलंय, ते मी सांगणार नाही.

आणि दापोऱ्याचं लग्न आटोपून आल्यावर दुपारी दार वाजलं. दारात खरा शालीवाला. खांद्यावर बोचकं, कानटोपी, दाढी. मी आता शहाणी झाले होते. आधी चष्मा लावला. त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला. मग समोर बसून नीट न्याहाळलं आणि विचारलं, बेटा, नाव काय तुझं, आई कुठे असते, तिच्याशी बोलतोस ना?

त्याने कप अर्धाच ठेवला, बोचकं उचललं आणि दाराकडे सरकत म्हणाला, "आंटी, नहीं लेना है तो पहले जैसा सीधा खिड़की से बोल दिया करो।"