न्यूयॉर्क राज्यातली उत्तर इटली

उत्तर इटली मी सायकलवरून पाहिली आहे असं मी पार्टीत सुरू केलं की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "खरं सांगा." तर खरं सांगतो. ती इटली न्यूयॉर्क राज्यात आहे. सिराक्यूजला ट्रेनमधून उतरायचं, मक्याच्या शेतांतून खाली गेलं की व्हेनिस लागतं, मग जिनोआ, तिथून परत वर येऊन पूर्वेला वळलं की व्हेरोना, आणि शेवटी रोम. ही नावं कुणी ठेवली देव जाणे. ठेवणाऱ्यानं इटली पाहिलेली नव्हती, एवढं मी कोर्टात शपथेवर सांगीन.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो: एक नागपूरकर, एक पुणेकर आणि मी. नागपूरकर सुट्टीत जाऊन लग्न करून आला होता. बायकोबरोबर पुरते पंधरा दिवसही राहिला नव्हता, पण तेवढ्यात तिला इटली दाखवायचं कबूल करून बसला होता. आमच्या पासपोर्टवर तो व्हिसा मिळणं कठीण. मग एकदा गॅस स्टेशनवर फुकट मिळालेला नकाशा त्यानं गादीवर पसरला आणि किंचाळला, "सगळी इटली इथंच पडून आहे बे! ती यायच्या आधी आपण रस्ता पाहून येऊ."

"रोम उत्तर इटलीत येत नाही," पुणेकर म्हणाला.

"तुले काय करायचं आहे? परतीची ट्रेन तिथून मिळते."

त्याची बायको रविवारी दुपारी केनेडी विमानतळावर उतरणार होती. त्या काळी महाराष्ट्रात घरोघरी एक गोष्ट सांगितली जायची: अमुक गावची मुलगी, अमेरिकेतला नवरा, विमानतळावर कुणी आलंच नाही, चौकशी केली तर त्याची इथं गोरी बायको. ती ऐकून हिच्या आईनं लग्न जवळजवळ मोडलं होतं. म्हणून मुलीनं फोनवर एकच अट घातली होती. काचेच्या दारातून बाहेर आले की तुम्ही स्वतः समोर हवेत. मित्र नको, मित्राची आई नको. नाही दिसलात तर मी पुढच्या विमानानं परत. नागपूरकर आम्हाला हे सांगताना 'स्वतः'वर असा जोर द्यायचा की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

बेत सोपा होता. शनिवारी दुपारी रोमहून ट्रेन पकडायची, रात्री घरी, सकाळी अंघोळ, दाढी, सूट, विमानतळ.

सायकली गराज सेलमधल्या, म्हणजे लोकांनी विकायला मांडलेल्या अडगळीतल्या. माझी तर लोखंडाच्या खाणीतून सरळ चाकं लावून बाहेर काढली असावी. ट्रेनमध्ये चढवताना डबा एका बाजूला कलला, हे मी स्वतः पाहिलं. व्हेनिसमध्ये पाणी होतं, पण ते वरून येत होतं, आणि पुढचे दोन दिवस येतच राहिलं. जिनोआत समुद्र शोधला तर एक गाय भेटली. तिथपर्यंत आम्ही हसत होतो.

शनिवारी सकाळी व्हेरोनाच्या अलीकडे पुणेकराचा टायर असा फुटला की शेतातले कावळे उडाले. तुकडे गोळा करून पाहिले, काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तेवढ्यात एक पिकअप थांबला. आत लाल टोपी घातलेला शेतकरी.

"रोमला चाललोय. टाका सायकली मागे."

आणि आम्ही तिघांनी एका सुरात म्हटलं, "नो, नो, थँक यू, वुई आर फाइन!"

कुणी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. आमच्या घरांत पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट समजला जातो. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं, तिसऱ्यांदा आढेवेढे घेत उठायचं. बशीतला लाडूसुद्धा आम्ही असाच खात आलो.

"ओके. गुड लक," म्हणून शेतकऱ्यानं गिअर टाकला.

आम्ही दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभे. पिकअप मक्यामागे दिसेनासा झाला.

"गेला?" पुणेकर म्हणाला.

"असं कसं एकदाच विचारतात, यार?" मी म्हणालो.

नागपूरकराचा चेहरा भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. "मी पुढं जातो," एवढंच म्हणून तो सुटला. आम्ही मागून चालत. दोन वळणांपलीकडे तो रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला, तुटलेली चेन हातात घेऊन. रडत होता. मोठा माणूस चिखलात बसून हमसून रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

"ती आता घरून निघाली असेल," तो म्हणाला. "तिची आई म्हणत असेल, पहा बाप्पा, येतो का नाही."

मी माझी सायकल दिली. ती हत्तीण घेऊन तो उलट्या वाऱ्यात गेला. रस्त्यावर त्यानंतर एक वाहन आलं असेल तर शपथ. सगळा अमेरिका देश त्या शनिवारी घरी झोपला होता.

आम्ही रोमला पोचलो तेव्हा तो फलाटावर उभा होता, रुळांकडे बघत. ट्रेन त्याच्या डोळ्यांदेखत सुटली होती. पुढची दुसऱ्या दिवशी, आणि ती न्यूयॉर्कला पोचेपर्यंत विमान उतरून गेलेलं असणार.

पिस्कॅटवेतल्या काकू म्हणजे आम्हा सगळ्या सड्याफटिंगांची आई. मी फोनवरून त्यांना गाठलं.

"मेल्यांनो, इटलीच्या नावानं चांगभलं! मी तिकडं फोन लावते." थोड्या वेळानं पुन्हा केला तर म्हणाल्या, "कुणी उचलत नाही रे. सगळी तिला सोडायला गेली असणार. मी आणि काका जातो एअरपोर्टला, पण ती माझ्याबरोबर यायची नाही. तिच्या जागी मी असते तर मीही गेले नसते."

हे मी नागपूरकराला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

स्टेशनबाहेर एक आजीबाई आगबोटीएवढी गाडी घेऊन आल्या होत्या, कुणाला तरी सोडायला. आमच्याकडे बघून काच खाली केली. "मी आल्बनीला चाललेय. राइड हवीय का?"

पुणेकराचं तोंड उघडलं. "नो, नो, वुई..." पुढचं राहिलं, कारण नागपूरकर चिखलासकट पुढच्या सीटवर बसलासुद्धा होता. आजीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, आणि गाडी सुरू केली. मी मागं उडी मारली. पुणेकर तीन सायकलींसह रोममध्ये राहिला. अजून तो मला ऐकवतो.

आल्बनीहून सकाळची पहिली गाडी मिळाली आणि नागपूरकर पहिल्यांदा हसला. हडसन नदीच्या काठाला गाडी थांबली. पावसानं रुळांवर झाड पडलं होतं. ते झाड कापायला एक माणूस आला, एक करवत आली, मग दोघांचं जमेना. नागपूरकर खिडकीला कपाळ टेकून बसला. मधेच म्हणे, "आता उतरली असेल." मधेच, "आता दारातून आली असेल." मी विनोद करायला गेलो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तो विनोद मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

विमानतळावर पोचलो तेव्हा आगमनाचा हॉल रिकामा होत आला होता. काचेच्या दारासमोर दोन मोठ्या बॅगांवर ती बसली होती, हिरव्या साडीत, पाठ सरळ. काका-काकू चार हात लांब उभे, काकूंच्या हातात थर्मास. परतीचं विमान कोणत्या काउंटरवर विचारायचं हे तिनं काकांना आधीच विचारून ठेवलं होतं.

नागपूरकर धावत गेला. दाढी वाढलेली, चिखल वाळून पोपडे धरलेला, अंगात माझा शर्ट.

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग काकूंकडे वळून म्हणाली, "हे ते नव्हेत."

"अगं, तोच आहे!" काकू म्हणाल्या.

"तुम्ही म्हणणारच."

नागपूरकर ओळखपत्रासाठी माझ्या शर्टाचे खिसे चाचपायला लागला. ती उठली. "कानपिळीला माझ्या दादानं काय केलं होतं?"

"कान पिळलाच नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पकडून ठेवला. आणि कानात म्हणाला, माझ्या बहिणीला तिकडं एकटीला ताटकळत ठेवलंत, तर तिथं येऊन पिळीन."

ती जवळ आली.

"दादाला व्हिसा मिळायला वेळ लागेल," म्हणाली, आणि उजवा कान धरून असा पिळला की सामान नेणारे दोघं हमाल थांबून बघायला लागले. तो ओरडला, आणि मग पुन्हा रडायला लागला, कालच्यासारखाच. तिनं कान सोडला नाही. धरून तशीच उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तीही रडायला लागली.