चार मिनिटं वजा करून

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते चुका काढायला. कोणी ‘साधारण दोन-अडीचच्या सुमारास’ असं लिहिलं, की मी तिथेच वाचणं सोडायचो. साधारण म्हणजे काय? घड्याळ बघितलं होतं की नव्हतं? मी बावीस वर्षं फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मोजलं तेच लिहायचं, ही सवय हाडात गेली आहे. म्हणूनच हे लिहायला आठ महिने लावले… पण दोन वह्या माझ्यासमोर आहेत, आणि दोन्हींतला एकही आकडा खोटा नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यात. कॉलेज घरापासून अकरा किलोमीटर. घरी मी, बायको मंदा आणि बाबा. बाबा एकोणऐंशी वर्षांचे. त्यांनी जन्मभर भाजीपाला पिकवला – मिरची, वांगी, कांदा. गेली पाच वर्षं त्यांना कंपवात आहे. हात थरथरतो ते एक वेळ चालतं, पण चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. उंबऱ्यापाशी तर हमखास. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, त्यामुळे ‘चल’ हा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबा कधी अडकतात आणि कधी आपले आपण चालतात ते वेळेसह लिहून ठेवा. मी कॉलेजात असताना ती वही मंदा लिहायची, भिंतीवरचं घड्याळ बघून.

आता दुसरी वही. कॉलेजात विद्यार्थ्यांना हेच रसायन शिकवायचं असतं. पांढऱ्या उंदरांना डोपामिनचं काम अडवणारं औषध टोचतात. मग उंदराचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. साधा उंदीर दोन-तीन सेकंदांत खाली उतरतो. औषध दिलेला तसाच राहतो, पुतळ्यासारखा. डोळे उघडे, मिशा हलताहेत, पण उतरत नाही. तीन मिनिटं झाली की आपणच उचलायचा. दुसऱ्या एका औषधाने हौदात पोहणारा उंदीर पाण्याखालचा, टेकायला ठेवलेला ओटा कुठे आहे तेच विसरतो. तो प्रयोग मी निवांत बघायचो. हा दांडीचा मात्र बाबा अडकायला लागल्यापासून मला बघवत नसे.

बाबांना माझ्या कामाची मोठी गंमत.

“जन्मभर म्या उंदरं मारले,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “अन् माह्यं पोरगं कॉलेजात त्यायले दाणा टाकून राह्यलं! कोनाचं पाप कोन फेडून राह्यलं पाहा बे!”

त्या वेळी प्रयोग दहा दिवसांचा होता. औषधाच्या गटात सहा उंदीर; तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला औषधाऐवजी नुसतं पाणी टोचायचं. ते ओळखू यावेत म्हणून अंगावर पिक्रिक ॲसिडची पिवळी खूण करतात – एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर, असं. तिसऱ्या दिवशी पाठीवर खूण असलेला उंदीर दांडीवरून सहा सेकंदांत उतरला आणि टेबलावर चालू लागला. बाकीचे पाच पुतळे. वेळ ११:४२. पाचव्या दिवशी तोच उंदीर, १२:१०. सहाव्या दिवशी, ११:१७.

प्रयोग शिकवणाऱ्या मॅडमनी वही बघितली. त्या बाहेरच्या गावाहून आलेल्या, शिस्तीच्या, पण मनाने चांगल्या.

“काका, उंदीर एकमेकांची खूण चाटतात. पाण्याच्या सुईचा एखादा उंदीर तुमच्या पिंजऱ्यात आला असेल.”

“नाही मॅडम. मी रोज सकाळी खूण बघतो.”

“बावीस वर्षांत चूक झालीच नाही का?”

मला लागलं ते. पण शंका बरोबर होती. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः खूण तपासली, स्वतः सुई टोचली, स्टॉपवॉचही त्यांच्याच हातात. १२:३४ ला पाठीवाला उंदीर खाली उतरला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि वळून आमच्याकडे बघत बसला.

संध्याकाळी घरी गेलो तर मंदा दारातच. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणते.

“अवो, मामाजी आज आपल्या पायानं मिरचीच्या वाफ्यापरेंत गेले! काठी नाई, हात नाई.”

मी वही उघडली. तिच्या अक्षरात होतं – १२:३८. मागची पानं चाळली. त्या दहा दिवसांत बाबा आपले आपण चालले ते चारदाच. ११:४६. १२:१४. ११:२१. आणि आजचं. मी कॉलेजचे आकडे शेजारी मांडले. प्रत्येक वेळी फरक चार मिनिटांचा. ना तीन, ना पाच. बाबांच्या कंपवाताच्या गोळीची वेळ रोज आठची, तिच्याशी मेळ बसेना.

“मंदे, हे चार मिनिटं…”

“कायचे चार मिनिटं?”

“आपलं घड्याळ बरोबर हाये का?”

“पुढंच तर हाये चार मिनिटं! तुमची एसटी चुकू नये म्हून तुम्हीच ठेवलं नं. इसरले काय?”

उंदराबद्दल मी घरी अवाक्षर बोललो नव्हतो. बाबांना विचारलं, “बाबा, पाय कसे सुटले?”

“मले काय मालूम बे. कोनीतरी आंगावरून उतरल्यासारखं वाटलं. हलकं.”

दुसरा दिवस प्रयोगाचा शेवटचा. नियमाप्रमाणे उंदरांना बेशुद्ध करून संपवायचे होते. रात्रभर एकच विचार – हा उंदीर गेला आणि त्याच्याबरोबर बाबांचे पाय गेले तर? प्रयोगात नसलेल्या दुसऱ्या उंदराच्या पाठीवर तशीच खूण करून तो याच्या जागी ठेवणं दोन मिनिटांचं काम. सकाळी पिक्रिकची बाटली हातात घेतली होती, तेही कबूल करतो. पण वहीत खोटं लिहिणं जमेना. दोन्ही वह्या मॅडमसमोर ठेवल्या आणि घड्याळासकट सगळं सांगितलं.

त्यांनी दोनदा वजाबाकी करून बघितली.

“काका, हे विज्ञान आहे असं मी म्हणणार नाही. पण या उंदरावर औषध चाललं नाही, हे खरं आहे. कारण कळेपर्यंत निरीक्षणासाठी ठेवला – असं लिहा. यात खोटं काही नाही.”

बाकीचे पाच गेले. त्यांचीही नोंद मीच केली.

पाठीवाला चौदा महिने जगला. त्याला पुन्हा सुई टोचली नाही. बाबा बरे झाले असं मुळीच नाही – कधी चालायचे, कधी अडकायचे. उंदीर पुढे म्हातारा झाला, मागचे पाय ओढू लागला. एका मंगळवारी माझ्यासमोर त्याचा श्वास थांबला. वहीत लिहिलं – मृत, १:२०. आणि मॅडमना सांगून कॉलेजातल्या एकाची मोटरसायकल घेऊन निघालो. ते अकरा किलोमीटर कसे गेले, आठवत नाही.

बाबा अंगणात नव्हते. मळ्याच्या बांधावर सापडले. एकटेच उकिडवे बसलेले, काठी घरीच. बांधात उंदराचं बीळ होतं. त्याच्या तोंडाशी त्यांनी मूठभर ज्वारी ठेवली होती. ज्यांनी आयुष्यभर असल्या बिळांत पाणी ओतलं, त्यांनी.

“हे कोनासाठी, बाबा?”

“मले काय मालूम. द्यावं वाटलं.” मग माझा हात धरून उठत म्हणाले, “लय थकलं असंन ते.”

“कोन?”

ते घराकडे चालू लागले. परतताना उंबऱ्यापाशी पाय पुन्हा अडकले. मी वाट बघत उभा राहिलो.

याला आठ महिने झाले. बाबा आहेत. मंदा अजूनही लिहिते. योगायोग म्हणावा तर मी पाच वेळा वजाबाकी केली आहे, आणि दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्या मंगळवारच्या पानावर तिच्या अक्षरात एवढंच आहे –

‘१:२४. मामाजी आपल्या मनानं उठले. ज्वारी मागितली.’