तीन गेम आणि यांचा अंगठा

मुलगा रविवारी हिंजवडीहून आला तो काखेत एक खोकं घेऊनच. मला वाटलं, एअर फ्रायर असणार. मागच्या वेळी त्यानं भाजी चिरायचं यंत्र आणलं होतं, ते माळ्यावर आहे. खोक्यातून निघाला व्हिडिओ गेमचा काळा डबा आणि दोन्ही मुठींत धरायचा एक रिमोट. "आई, बाबांच्या हातासाठी आहे. तीन गेम टाकून दिलेत, जस्ट ट्राय करा," म्हणाला.

यांना गणपतीच्या आधी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. पाय सावरला, जीभ तर पूर्वीपेक्षा जोरात चालायला लागली, राहिला उजवा हात. त्यातही अंगठा. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपीवाली मुलगी मला जिन्यात गाठून सांगून गेली होती, "काकू, याच काही महिन्यांत अंगठा कामाला लागला तर लागला. काहीही करा, पण त्यांना तो वापरायला लावा." तिनं दाबायला दिलेला मऊ चेंडू यांनी एकदाच हातात घेतला आणि "मी काय सर्कशीतला आहे का?" म्हणून टीव्हीच्या मागे टाकून दिला.

यांचं सगळं आयुष्य स्वारगेटच्या बस डेपोत गाड्या सोडण्यात गेलं. यांनी हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि आता तोच हात हे शालीखाली झाकून बसायचे. जेवायचं डाव्या हातानं, तेही मी स्वयंपाकघरात गेल्यावर. मला भीती वाटायची. दुसऱ्याची पिशवी सांभाळावी तसा स्वतःचा हात मांडीवर सांभाळत हा माणूस उरलेलं आयुष्य काढणार, असं दिसायला लागलं होतं.

"पोरखेळ आहे," हे मुलाला म्हणाले आणि डाव्या हातानं पेपर उघडला. मुलाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "राहू दे इथे. मी खेळेन." लग्न झाल्यापासूनचा माझा अनुभव असा, की मी कशालाही हात लावला की ते कसं चुकतंय हे सांगितल्याशिवाय यांना चैन पडत नाही. माझी सगळी भिस्त त्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा सुरू केला, तर तो अपडेट नावाचं काहीतरी करत बसला. काल दुकानातून आलेली वस्तू आज जुनी कशी होते, देव जाणे. तेवढ्यात माझा कुकर झाला, भाजी परतून झाली. मग पडद्यावर करारनामा आला. आमच्या फ्लॅटचं खरेदीखत त्याच्यापेक्षा आटोपशीर होतं. मी चष्मा लावून एकेक कलम वाचायला लागले, तर मागून आवाज आला, "होय म्हण आणि पुढे हो. तुझ्याकडून कोण काय लिहून घेणार आहे?" म्हणजे पेपरच्या वरून बघणं चालू होतं.

पहिला गेम शेतीचा. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला तरुण गावी जाऊन शेती करतो, अशी गोष्ट. ज्याला बाल्कनीतली तुळस जगवता आली नाही त्या आमच्या चिरंजीवांनी हाच निवडावा, यात नवल नाही. मी टोमॅटो लावले, झारीनं पाणी घातलं, झोपले, उठले तर फुलं आलेली. वीज जात नाही, कीड लागत नाही, मार्केट यार्डात भाव पडत नाही. शेजारचा शेतकरी स्वतःहून येऊन बियाणं देतो आणि बांध कोरत नाही. तिथं माझा विश्वास उडाला. कांदेपोहे संपायच्या आत स्थळ नापसंत करतात, तसा मी तो गेम नापसंत केला. यांचं मत एवढंच पडलं, "टोमॅटोला काठी लावली नाहीस." आणि पुन्हा पेपर.

दुसऱ्या गेममध्ये आधी स्वतःचं नाक निवडायचं होतं. लांबी, रुंदी, शेंडा, मग भुवया, मग हनुवटी. मला बघायला आले होते तेव्हा यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. नाक ठरल्यावर हातात तलवार मिळाली आणि एक नकाशा. मी शाळेत भूगोल शिकवला आहे. बर्फाच्या डोंगराला लागून नारळाची बाग आणि नदी चक्क चढावर वाहणारी. शाळेत एखादीनं असा नकाशा काढला असता तर मी पालकांना बोलावलं असतं.

शिवाय त्या राज्यातले लोक. जो भेटेल तो सांगतो की जग बुडायला आलं आहे, तूच वाचवणार, आणि मग हळूच म्हणतो, जाता जाता माझी कोंबडी शोधून द्याल का. हे मात्र मला ओळखीचं वाटलं. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय असतो बिल्डिंग पाडून नवी बांधण्याचा, आणि तासभर बोलणं होतं ते पार्किंगमधल्या मांजराला दूध कोण घालतं यावर.

तर मी कोंबडी शोधत असताना लांडगा आला. मी घाईनं बटण दाबलं. तलवार निघायच्या ऐवजी मी सफरचंद खाल्लं. लांडग्यानं मला खाल्लं. आणि हे हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच, चांगले आवाज करून हसले. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या दोन्ही वेळा मी लांडगा दिसताच मुद्दाम सफरचंद खाल्लं. पण हात काही शालीबाहेर आला नाही. "रिमोट धरता का जरा?" म्हणून विचारलं तर हसू तिथल्या तिथे आटलं.

तिसरा गेम गाड्यांच्या शर्यतीचा. तो मी संध्याकाळच्या चहानंतर लावला. डाव्या अंगठ्यानं गाडी वळवायची, उजव्या बोटानं वेग द्यायचा, उजव्या अंगठ्यानं ब्रेक दाबायचा. हॉर्नचं बटण सापडलं नाही. पुण्यात वाढलेल्या बाईनं हॉर्नशिवाय गाडी चालवायची म्हणजे काय? सुटायची शिट्टी झाल्यावर मी मागच्यांना आधी जाऊ दिलं, आणि मग रिकाम्या रस्त्यानं निघाले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र.

"अगं, घाट आहे तो," मागून आवाज आला. "घाटात कोणी असं वळतं का? खाली समुद्र दिसत नाही?"

"दिसतोय."

"मग त्यात का जातेस?"

मी तिसऱ्यांदा समुद्रात गेले तेव्हा पेपर जमिनीवर पडला. हे उठून माझ्या डावीकडे येऊन बसले आणि रिमोटचा डावा अर्धा भाग डाव्या हातानं धरला. "वळवायचं मी बघतो. तू फक्त वेग आणि ब्रेक सांभाळ, आणि मी सांगेन तेव्हाच."

एका गाडीचे आम्ही दोन ड्रायव्हर झालो. सरळ रस्त्यावर बरं चाललं होतं. वळण आलं की हे म्हणायचे "ब्रेक", आणि कानात शिरलेली बातमी माझ्या अंगठ्यापर्यंत पोचेपर्यंत गाडी पाण्यात असायची. यात मुद्दाम काही नव्हतं. वयच झालंय.

"डेपोत असतीस तर मेमो दिला असता," हे म्हणाले.

"डेपोत असते तर आधी बदली मागून घेतली असती."

पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच वळण. शाल कधीच घसरून पडली होती. "ब्रेक" हा शब्द यांच्या तोंडातून निम्मा बाहेर आला असेल, आणि मांडीवरचा तो उजवा हात हलला. सरकत, लटपटत आला, माझ्या हातावर चढला आणि यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर पडला. गार होता. मी माझा अंगठा सैल सोडला, अगदी सैल. क्षणभर काही झालं नाही. मग माझ्या अंगठ्यासकट बटण खाली गेलं, आणि गाडी कठड्याला घासत वळून रस्त्यावरच राहिली.

मी दाबलं नव्हतं.

डोळे भरून आले, पुढचा रस्ता दिसेना. कौतुकाचा एक शब्द काढला असता तर तो हात परत शालीखाली गेला असता, इतकी मी या माणसाला ओळखते. यांनी स्वतः हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघत म्हणाले, "असं दाबायचं. कळलं का आता?"

"नाही कळलं," मी म्हटलं. "परत दाखवा."