रोह्याहून आणलेली चोवीसची लेन्स

पेणच्या बाजारातला आमचा स्टुडिओ इतका आखूड होता की सहा माणसांचं कुटुंब फोटोला आलं, की मला कॅमेरा घेऊन पायरीवर, कधी थेट रस्त्यावर उभं राहावं लागे. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवी आणि आत नेमक्या त्याच वेळी आजोबा डोळे मिटत. लेन्स एकच, पन्नास एमएमची. चेहरा छान यायचा, खोली यायची नाही.

बाबांची उजवी बाजू अर्धांगाने गेली तेव्हा स्टुडिओ माझ्याकडे आला. कुणी विचारलं नाही, मी किल्ल्या घेतल्या. निळ्या पडद्याच्या पुढे गिऱ्हाईक बसे आणि पडद्याच्या मागे बाबांची खाट. शटरच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "हलला हात," ते आतून जड जिभेने म्हणत, आणि गिऱ्हाईक दचकून पडद्याकडे बघे. सकाळी कुलूप काढायचं, रात्री लावायचं, मध्ये बाबांचं जेवण, औषध, कूस बदलणं. आई होती, पण तिला एकटीला त्यांचं वजन पेलत नव्हतं. दोन तासांच्या वर मी कुठे गेले नव्हते.

अशात वाइड अँगल लेन्स हवी, हे माझ्या डोक्यात बसलं. त्याला एक सांगण्याजोगं कारण होतं. गणपतीच्या कारखानदारांना आपल्या कारखान्याचे फोटो हवे असत. फळ्यांवर जमिनीपासून आढ्यापर्यंत मूर्ती, आणि माझ्या पन्नासमध्ये मावत जेमतेम एक फळी. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी आभाळात धूमकेतू आला होता. दिवेलागणीनंतर मावळतीकडे, नुसत्या डोळ्यांना दिसायचा. मला तो जमिनीसकट हवा होता. खाली खाडी, वर तो.

फिल्म आणि पेपर घेऊन येणाऱ्या सेल्समनला मी विचारलं. तो म्हणाला, "नवी घ्यायच्या भानगडीत पडू नका, ताई. स्वस्तातली अठ्ठावीस मिळेल, पण कडेला सगळं पुसट. रोह्यात एक गृहस्थ आहेत, दुबईला असतात. त्यांच्या दोन लेन्स विकायच्या आहेत. तुमच्याच कॅमेऱ्याला बसतील."

एक चोवीसची होती, आकडा लहान म्हणून जास्त रुंद बघणारी, दुसरी अठ्ठावीस-सत्तरची झूम. पैसे एकीचेच होते.

"झूम आण," बाबा म्हणाले. "लग्नात ग्रुपही होईल, चेहराही होईल. चोवीस कशाला?"

"चोवीस टू पॉइंट एट आहे, उजेड जास्त घेते. अंधारात चालेल."

"अंधारात कोण येतं फोटो काढायला?"

दुसऱ्या दिवशी आईला गल्ल्यावर बसवलं आणि रोह्याची एसटी पकडली.

घर नदीच्या बाजूला होतं, माडीचं. दार त्या गृहस्थांच्या बायकोने, भाभींनी उघडलं. माझ्याच वयाच्या असाव्यात, फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. भाभींनी स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणला, झाकण काढलं आणि तांदळात हात घालून कापडात गुंडाळलेल्या दोन लेन्स बाहेर काढल्या.

"ह्यांनी फोनवर सांगितलं, उघड्यावर नको ठेवू, बुरशी धरेल," त्या म्हणाल्या. "तांदूळ खाल्ले नायत हां त्यातले."

मी दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते आणि ती एकदा आली की लेन्स गेली. दोन्ही स्वच्छ होत्या.

आधी झूम लावली. नदी आली, पूल आला, जवळ ओढलं तर पलीकडच्या काठावर कपडे धुणारी बाईसुद्धा आली. बाबांचं बरोबर होतं, धंद्याला हीच. मग चोवीस लावली आणि क्षणभर मला काही समजेना. पूल कोपऱ्यात गेला होता. नदी दोन्हीकडून वळून येत होती, मागे सगळे डोंगर, आणि वर इतकं आभाळ की मी कॅमेरा खाली घेऊन खिडकी तीच आहे ना बघितलं.

"मी बघू?" भाभींनी विचारलं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "एवढं सगळं हाय इथून?" मग तशाच वळल्या आणि कॅमेरा खोलीकडे धरला. पलंग, कपाट, शिलाई मशीन, आतल्या खोलीचं दार. त्या हसल्या. "हॉल झाला की माझ्या खोलीचा!" थोड्या वेळाने कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाल्या, "दिसते मोठी. हाय तेवढीच."

आतून सासूबाईंची हाक आली. त्या उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "कुठली नेणार ते ठरवा, मी आलेच." त्या येईपर्यंत मी झूम कापडात गुंडाळून परत तांदळात ठेवली होती.

घरी आले तेव्हा बाबा जागेच होते. "झूम?"

"नाही. चोवीस."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी लेन्स दिली. ती दिव्याकडे धरून त्यांनी एका डोळ्याने पाहिलं, अंगठ्याने रिंग फिरवून प्रत्येक टिचकी ऐकली. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "कडेच्या माणसांचे चेहरे वाकडे येतील. वाकडे चेहरे कोणाला हवेत?"

हे म्हणताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. आम्ही दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

धूमकेतू दिसायची वेळ आणि स्टुडिओत गर्दीची वेळ एकच होती. कामावरून सुटलेली माणसं तेव्हाच येत. एक आठवडा मी दुकानाचं शटर ओढून गच्चीवर पळत राहिले. पण वाइड लेन्सचा एक अवगुण मला तिथे कळला: जे नको तेही ती सोडत नाही. पाण्याची टाकी, अँटेना, केबलच्या तारा, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर, सगळं आभाळाच्या आधी हजर. नागोठण्याच्या बाजूला रसायन कारखान्याच्या ज्वाळेने आभाळ तांबूस असायचं ते वेगळंच. टाकीवर चढले तरी तारा होत्याच. खालून आई हाक मारी, "बाबांना उठवायचंय गो!" आणि मी खाली जाई.

मग एक दिवस मिठागरातली एक बाई फोटोला आली. रेशनकार्डासाठी. मी आदल्या संध्याकाळची, गच्चीवरची निगेटिव्ह पुसत होते. ती काय आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं.

"तो शेपटीवाला? तो आमच्या आगरात रोज दिसतो," ती म्हणाली. "ये की आमच्याकडं. एक दिवा नाय तिथं. मी थांबीन तुज्यासंगती."

गुढीपाडव्याच्या आधीची अमावास्या होती. अमावास्येला कुणी फोटो काढत नाही आणि चंद्रही नसतो. आईने शेजारच्या काकांना बाबांच्या मदतीला बोलावलं आणि मी स्टुडिओचं जड स्टँड खांद्यावर घेऊन धरमतरच्या रस्त्याला उतरले. ती बाई ठरल्याप्रमाणे रस्त्याला उभी होती. बांधावरून चालत आम्ही आत गेलो. दोन्हीकडे मिठाच्या राशी, अंधार पडला तरी पांढऱ्या. खाडीत दूर बार्जचा एक दिवा. आणि वर तो, तिरपा, शांत.

शटरची केबल दाबून धरायची आणि पंचविसापर्यंत मोजायचं, त्याहून जास्त मोजलं तर तारे ओढल्यासारखे येतात. पहिल्या वेळी माझा पाय स्टँडला लागला. दुसऱ्या वेळी बाईला खोकला आला, बिचारीने पदर तोंडात कोंबला. तिसऱ्या वेळी कुणी हललं नाही. चौथ्याची तयारी करते तोच ती म्हणाली, "शेवटची गाडी जाईल गो तुजी." आम्ही बांधावरून पळतच आलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मी तो नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलाच नव्हता.

त्याच रात्री मोरीत फिल्म धुतली. तिसरी फ्रेम आली होती. सकाळी ओली प्रिंट बाबांना दाखवली. मिठाच्या राशी, काळी खाडी आणि त्यांच्यावर तो.

त्यांनी खूप वेळ पाहिली. "एकच?" ते म्हणाले. "आज परत जा."

"आज पाडवा आहे, बाबा."

बाहेर नव्या कपड्यांतली माणसं पायरीवर जमली होती. त्यानंतर चंद्र वाढत गेला, मग लग्नं सुरू झाली, आणि पुन्हा काळोखी आली तेव्हा धूमकेतू पार खाली उतरला होता. मी गेले नाही. जाणं जमलंच नाही. कारखान्यांचे फोटो मात्र चोवीसने चांगले येऊ लागले, आणि लग्नातले ग्रुप बाबा म्हणाले होते तसेच, कडेचे काका लांबट.

ती प्रिंट मी शोकेसमध्ये, वधूवरांच्या फोटोंच्या मधोमध लावली. जूनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनसाठी फोटो काढायला एक मुलगी आली. काचेला नाक लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"ह्या फोटोत आभाळावर चरा पडलाय का हो?"

आत खाट करकरली. बाबा ऐकत होते.

"नाही," मी म्हणाले. "तसंच आहे ते. बस, हनुवटी जरा वर."