शुक्रवारची गॅलरी

नोकरीतली कित्येक प्रकरणं विसरले, पण भिवंडीतल्या एका चाळीची लाकडी गॅलरी अजूनही माझ्या पायाखाली हलते. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती ती. बढती मिळून मी नुकतीच फौजदार झाले होते आणि खांद्यावरच्या ताऱ्यांच्या ओझ्यानं माझी मान काही वळत नसे. नात विचारते, "आजी, तू चोर पकडायचीस?" मी सांगते, "पकडायचे. एकदा तर मुद्देमालावर बसून चहा प्यायले."

चाळ एकमजली. खाली मालकाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, वर भाडेकरूंच्या खोल्या. नळ आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला, म्हणजे प्रत्येकाला तिच्यावरून जावंच लागे. तिचे वासे कुजले होते आणि मालक दुरुस्तीचं नाव काढत नव्हता. भांडण पोलीस ठाण्यात आलं. पुढे होत्या काकी, बाजारात सुकट विकणाऱ्या विधवा बाई. त्यांच्या सुनेला आठवा महिना होता आणि पाण्याचा हंडा तीच भरायची.

"बाय, पडली तर दोन जीव जातील," काकी म्हणाल्या.

मी मोठ्या रुबाबात पाहणीला गेले. गॅलरीच्या मधोमध उभी राहून बूट आपटले आणि जाहीर केलं, "ठणठणीत आहे." इंजिनियरसुद्धा इतक्या खात्रीनं बोलत नसेल. मालकानं थंडा पाजला. काकी एवढंच म्हणाल्या, "बाय, आज शुकरवार हाय."

मला वाटलं, उपासाचं विचारताहेत. "मी शुक्रवार करत नाही," मी म्हटलं आणि निघाले. मागे बायका का हसल्या ते कळलं नाही. तक्रार अर्जावर शेरा मारला: तथ्य आढळून आले नाही.

पुढच्याच आठवड्यात मालक ठाण्यात हजर. रात्रपाळी सुटून दिवसपाळी लागेपर्यंत कारखान्यातले सगळे धोटे गायब झाले होते. धोटा म्हणजे लूममध्ये आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. तो नसेल तर लूम म्हणजे नुसतं लोखंड.

"वरच्या बायकांचं काम आहे, मॅडम," मालक म्हणाले. "चोरीचा गुन्हा दाखल करा. एकदा केस झाली की खोल्या खाली करून घेतो."

हे शेवटचं वाक्य कानात शिरायला हवं होतं. पण तारे मधे आले.

हवालदारांना घेऊन मी झडती घेतली. डबे, पिंप, माळा, सगळं पालथं घातलं. शेवटी दमून काकींच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर टेकले. वर गोधडी घातलेली होती. सुनेनं चहा दिला.

"धोटे कोणी नेले?" मी दरडावलं.

"मी," काकी म्हणाल्या.

"मी," दारातून सून म्हणाली.

शेजारची, बनारसकडची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मैडम, हमको भी लिख लीजिए."

बघता बघता मजल्यावरच्या सगळ्याच बायका कबूल झाल्या. कबुली न देणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले होते. रांग लावून कबुली देणारे पहिल्यांदाच. हवालदार पेन उघडून बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एवढ्यांना बसवायचं कुठे?" ठाण्यात महिला कोठडी म्हणजे एक बाक होता.

मी चिडून परतले. संध्याकाळी ठाण्यात फोन आला, कॉइन बॉक्सवरून. बाईचा आवाज, मागे खिदळणं. "तुमच्या मॅडमनी जिथं बसून चहा घेतला ना, तिथं बगा. पन उद्या या. शेठला आना."

अशी खबर देणारा खबऱ्या मला पुन्हा भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि मालकांना घेऊन गेले. काकींनी स्वतः गोधडी दूर करून पेटी उघडली. आत धोटे नीट मांडलेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी. झिजून झिजून प्रत्येक धोटा आपापल्या लूमचा होतो, दुसरीकडे नीट चालत नाही; म्हणून ओळखीसाठी त्याच रंगाची चिंधी त्यांनी खाली लूमलाही बांधून ठेवली होती.

"चोर असं जपून ठेवतात व्हय?" काकी म्हणाल्या. "खाली लावा. लूम चालू करा. आन बाय, तू हितं गॅलरीत हुबी ऱ्हा. शुकरवारी लूम निजतात, म्हनून गॅलरी पन निजते. आज बग."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. शुक्रवार म्हणजे भिवंडीत लूमची सुट्टी.

कामगारांनी धोटे लावले आणि लूम सुरू झाले. आधी हंड्यातलं पाणी थरथरलं, मग कठडा वाजू लागला, मग माझ्या बुटांखालच्या फळ्या. वर छपराच्या वाशातूनही भुसा गळून माझ्या टोपीवर पडला. आदल्या आठवड्यात ठणठणीत म्हणणारी मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि सून त्याच गॅलरीवरून हंडा घेऊन येत होती.

मालक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले होते.

"शेठ, पुढे या. पंचनामा आहे."

"इथून दिसतंय सगळं."

"या ना शेठ," काकी लाडानं म्हणाल्या. "चाय ठेवलीय."

शेठ हलेनात. मी आवाज चढवला, "तुमचीच गॅलरी. का येत नाही?"

"अहो मॅडम, ती पडेल ना!"

खाली लूम चालले होते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. हवालदारांनी न सांगता ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पंचांनी सह्या केल्या.

मी मालकांना शांतपणे सांगितलं, "गॅलरी पडेल हे तुम्हाला माहीत होतं, ते आता कागदावर आहे. उद्या कोणाला खरचटलं, तरी मी याच जिन्यावर बेडी घेऊन येईन." त्यांनी चोरीची तक्रार मागे घेतली. अंधार पडायच्या आत टेकू लागले, नवे गर्डर बसेपर्यंत लूम बंद राहिले. सुनेला मुलगी झाली. काकी पेढे घेऊन ठाण्यात आल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, शुकरवारी खाल्लंस तरी चालंल."

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: जागा पाहायला कुठल्या दिवशी जायचं, हे तिथं राहणाऱ्याला विचारावं. आणि कोणी काही ठणठणीत आहे म्हणालं, तर त्याला आधी त्यावर उभं करावं.

परवा आमच्या सोसायटीत जिन्यावरच्या स्लॅबला फुगवटा आला. सेक्रेटरी म्हणाले, "काही होत नाही, आजी." मी घरातून खुर्ची आणून बरोबर त्याच्याखाली ठेवली.

"बसा ना," म्हटलं. "चहा सांगते."